झाकणाचा सूर

२ मार्च

वहिनी,

तुझं पत्र मिळालं. दादाला जाऊन वर्ष झालं, आणि तू चार पानांतली तीन पानं तुमच्या संगीत मंडळाच्या अध्यक्षांच्या, म्हणजे त्या दातांच्या डॉक्टरांच्या, नव्या टोपावर खर्च केलीस. हसले नाही असं नाही. पण आता कामाचं बोलू.

दादानं काय लिहून ठेवलंय ते तुला ठाऊक आहे. "माझ्यामागे हार्पसिकॉर्डचं काय करायचं ते माझ्या बहिणीनं ठरवावं. तिला त्यातलं कळतं." वर्षभर मी तो विषय काढला नाही. पण हे पियानोच्याही आधीच्या काळातलं वाद्य म्हणजे कपाट नव्हे. पियानो एकदा जुळवला की महिनोन्महिने बघावं लागत नाही. ह्याच्या तारा पिसाच्या टोकानं छेडल्या जातात, हवा जरा बदलली की रुसतात. दादा होता तोवर काळजी नव्हती, त्याच्या कानाला तोड नव्हती. आता तिथे कोण आहे? रागावू नकोस, पण गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं हे काम नाही.

मी जिथे तीस वर्षं शिकवलं त्या कॉलेजला ते हवं आहे. तुमची जूनची मैफल होऊ दे, मग मी गाडी पाठवते.

मंडळाचं काय, असं विचारशील. प्रत्येक गोष्टीला शेवट असतो, वहिनी.

तुझी नणंद

९ मार्च

प्रिय वन्सं,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्म्याशिवाय, तेव्हा बरं वाटलं होतं.

सवत घरातून निघाली म्हणून रडणारी बाई तुम्ही पाहिलीत का? मी रडले. म्हणजे रडले असं नाही, कांदा चिरत होते, त्यात भर पडली. तुम्हाला आठवत असेल, मी तिला पहिल्या दिवसापासून सवतच म्हणते. सात वर्षं हे घड्याळांच्या दुकानामागच्या खोलीत तिचं एकेक लाकूड तासत बसायचे. माझ्या लग्नातल्या कपाटाचं दार एकदा निखळलं, ते लावायला ह्यांना सव्वा वर्ष लागलं. तिच्या झाकणाला मात्र सात हात पॉलिश! मी म्हणायचे, तिलाच सांगा चहा करायला.

आता तुम्ही म्हणता तिला न्यायची. तुमचा हक्क आहे, ह्यांच्या अक्षरात आहे, मी नाही म्हणत नाही. पण एक गोष्ट उघड बोलते. सवत गेली की मंडळ गेलं. आमच्या गावाला दुसरं आहे काय? बाहेरचे वाजवणारे इथे येतात ते काही वाचनालयाच्या वरच्या खोलीतल्या डुगडुगत्या खुर्च्यांसाठी येत नाहीत. माझ्या हातच्या चहासाठी तर नाहीच, तो कसा असतो ते तुम्ही प्यायला आहात. ते तिच्यासाठी येतात. तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत आमच्या बेकरीवाल्याला तोंडपाठ आहे, कणीक तिंबताना गुणगुणतो. हे सगळं बंद होणार. वर्षातून तीन मैफली असतात, वन्सं. सहा माणसं तिला दुकानातून उचलून रस्ता ओलांडतात, मी पुढे दारं उघडत जाते. समोरून गाडी आली तर ती थांबते. वरात असल्यासारखी.

तुमच्या कॉलेजात ती काचेमागे बसेल. पाटी लागेल, हात लावू नये म्हणून.

डॉक्टरांच्या टोपाचं राहिलंच. परवा खिडकी उघडी होती, वारा आला, आणि अध्यक्षांनी अख्खी सभा एका हातानं डोकं धरून चालवली. सगळ्यांना वाटलं ठराव फारच गंभीर आहे.

तुमची वहिनी

ता. क. सातवी नाही, आठवी. आठवीत नापास झाले, पण बसले होते.

२० मार्च

वहिनी,

आठवी. बरं, चुकले.

काचेमागे कोणी ठेवणार नाही. पण तू मुद्द्याला बगल दिलीस. सरळ विचारते, सरळ उत्तर दे. वर्षभर ते वाद्य कोण जुळवतंय? दादा गेल्यावर तुमच्या तीन मैफली झाल्या. बिनजुळवलेल्या वाद्यावर कोणी वाजवलं नसतं. तुमच्या गावात तर पियानोसुद्धा जुळवणारा कोणी नाही, मला माहीत आहे.

कुणा अडाण्याच्या हातात ते देत असशील तर जूनची वाटही बघायला नको. ओढून ओढून एखाद्या दिवशी तारा तुटतील, नाहीतर पेटीला तडा जाईल.

नणंद

२८ मार्च

प्रिय वन्सं,

सरळ उत्तर: आहे एक माणूस. येतो, दार लावून घेतो, तासाभरात काम करतो, जातो. फार बोलत नाही. मंडळीही विचारत नाहीत, त्यांना जुळलेलं मिळतं ना, झालं. पोस्टातल्या बाईंना तेवढं वाटतं की माझं काहीतरी चाललंय. वाटू दे. ह्या वयात एवढी चर्चा व्हायला भाग्य लागतं.

परवाची मैफल सांगते. एक्केचाळीस माणसं होती. गुडघ्यांत धरून वाजवायच्या त्या मोठ्या तंतुवाद्याच्या बाई आल्या होत्या, दर दोन वर्षांनी येतात त्या. वाद्य गुडघ्यांत, पेन्सिल दातांत, चष्मा कपाळावर, आणि शोधत होत्या चष्माच. सोबत बासरीवाला. तो बिचारा आमच्याकडे आला की नेहमीसारखाच बासरीचे सांधे ओढून ओढून लांब करतो, कारण आमच्या सवतीचा सूर सगळ्या जगापेक्षा खाली. ह्या वेळी मात्र खोकाच उघडून दाखवला. म्हणाला, "काकू, खास तुमच्या मंडळासाठी लांब बासरी करून घेतली." मला एकदम कसंतरीच झालं. म्हटलं, "अरे, कशाला एवढा त्रास?" तर म्हणतो, "हा सूर कुठेच मिळत नाही."

मिळणार नाहीच म्हणा.

तंतुवाद्याच्या बाई निघताना सवतीला कान लावून बराच वेळ बसल्या होत्या. मला विचारलं, "हा सूर कुणाचा?" मी म्हटलं, "ह्यांचा." त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. शिकलेली माणसं वही काढली की मला धडकी भरते.

तुम्ही आठ वर्षांत इकडे फिरकला नाहीत, वन्सं. ह्यांच्या शेवटच्या आजारातही दवाखान्यातून परस्पर गेलात. मी कधी विचारलं नाही. आताही विचारत नाही, नुसती आठवण केली.

वहिनी

१४ एप्रिल

वहिनी,

बसली असशील तर उठून उभी राहा, नाचायचं असेल तर नाच.

तुमच्या तंतुवाद्यवाल्या बाईंनी मासिकात दादावर लेख लिहिलाय! "घड्याळजींचा सूर" असं नाव. त्या म्हणतात, असा खालचा सूर आज कुठेच लावत नाहीत. जुन्या काळी गावागावाचा सूर वेगळा असे, त्यातलाच हा एखादा हरवलेला सूर घड्याळजींना सापडला असावा. आमच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांनी लगेच तुमच्या मंडळाची सगळी रेकॉर्डिंग्ज मागवून मोजली. अकरा वर्षांत तो सूर केसभरही हललेला नाही. केसभरही! ते म्हणाले, "तुमच्या बंधूंचा कान म्हणजे यंत्र होतं." मला रडू आलं. दादाला जिवंतपणी कोणी एवढं म्हणालं नाही.

त्यांचा तर्क असा आहे की दादानं हा सूर एखाद्या प्राचीन घंटेवरून घेतला असावा. मे अखेर त्यांचं त्यावर भाषण आहे. त्यामुळे वाद्य जूनपर्यंत थांबवता येणार नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी येईल. जूनच्या मैफलीचं वाईट वाटतं, पण हे दादाच्या नावासाठी आहे. तू समजून घेशील.

दादाच्या कागदपत्रांत घंटेबद्दल काही आहे का, शोध.

तुझी नणंद

२० एप्रिल

प्रिय वन्सं,

गाडी थांबवा. भाषणही थांबवता आलं तर थांबवा.

घंटा सापडली. माझ्या स्वयंपाकघरात आहे. दुधाच्या पातेल्याचं पितळी झाकण आहे ते.

आता सगळं सांगते, मधे ओरडू नका. अकरा वर्षांपूर्वी जॅमच्या बरणीचं झाकण निघेना. चमच्यानं नाही, सुरीनं नाही. समोर ह्यांचा तो सूर घ्यायचा काटा पडला होता, दोन टोकांचा, गुडघ्यावर आपटला की गुणगुणणारा. त्याचं एक टोक घालून उचकटलं. बरणी उघडली, काटा वाकला. आपटून बघितला तर गुणगुणायच्या ऐवजी खोकला. मी घाबरले. मैफल दुसऱ्या दिवशी. काटा कालव्यात टाकून आले, आणि घरातली जी म्हणून वाजणारी वस्तू होती ती वाजवून बघितली. काट्याच्या सगळ्यात जवळचं निघालं ते झाकण. दोऱ्यानं टांगायचं, लाकडी चमच्यानं कडेला हलकेच टोकायचं. जरा खालचं होतं. म्हटलं, कोणाला कळतंय?

कोणाला कळलं नाही, वन्सं! बासरीवाल्यांना तेवढं कळलं, पण ते इतके सभ्य की आपल्याच बासऱ्या ओढत बसले. आणि तुमचे प्राध्यापक म्हणतात सूर केसभर हलला नाही. हलेल कसा? पितळ आहे. माझ्या आईनं दिलेलं आहे, चांगलं जाड.

आता हा तुमचा हरवलेला सूर प्राध्यापकांना हवा असेल तर झाकण पाठवते. सवतीला राहू दे. दूध मी ताटलीनं झाकेन.

तुमची वहिनी

२५ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र मिळालं. तुला हसू येतंय. मी प्राध्यापकांना काय तोंड दाखवू?

आणि मुळात हे खरं तरी आहे का? वाद्य जाऊ नये म्हणून तू काहीही रचशील, मी ओळखून आहे तुला. दादाचा कान काय होता ते मला ठाऊक आहे. आम्ही लहान असताना शेजारच्या घरातलं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे हे तो ठोक्यांवरून सांगायचा. तू त्याच्या वाद्याला दुधाच्या झाकणावरून सूर लावलास आणि दहा वर्षं त्या माणसाला पत्ता लागला नाही?

एक तर तू खोटं बोलतेस, नाहीतर माझ्या भावाची तू दहा वर्षं चेष्टा केलीस. काय ते सांग.

१९ मे

वहिनी,

तुझं उत्तर नाही. तीन आठवडे झाले. कॉलेजची गाडी मी तूर्त थांबवलीय. तू आणि गप्प! मला भीती वाटायला लागली. पोस्टात फोन करून त्या बाईंना विचारलं, वहिनी बरी आहे ना. त्या म्हणाल्या, "अगदी ठणठणीत, काल माझ्या नव्या चपलांना नावं ठेवून गेल्या." म्हणजे तुला बोलायचं नाहीये.

तू गप्प कधी बसतेस ह्याचा मी विचार केला. स्वतःचं लपवायचं असलं तर तू दुप्पट बोलतेस. दुसऱ्याचं लपवायचं असलं तर गप्प बसतेस. मग दादाची जुनी पत्रं काढली. दहा-बारा वर्षांपूर्वीपासून प्रत्येक पत्रात एक वाक्य आहे. "फोन करू नकोस, फोनवरचं वाऱ्यावर जातं, पत्र लिही." मला वाटायचं, म्हातारपणी हौस आलीय पत्रांची.

तू कधी विचारलं नाहीस, मीच सांगते मी का येत नव्हते. आठ वर्षांपूर्वी मी आले तेव्हा दादा म्हणाला, वाजव. तू चहा करायला आत गेली होतीस. मी चांगलं वाजवत होते. मधेच दोन पानं एकदम उलटली आणि मी अडकले. थांबले. ती पानं सोडवायला हात उचलला, तर दादानं टाळ्या वाजवल्या. "छान, छान," म्हणाला. अर्ध्यावर, ओळ तुटलेली असताना. मला वाटलं, पुरे झालं असं सांगतोय. तीस वर्षं शिकवलेल्या बाईला! मी पानं मिटली आणि सकाळच्या गाडीनं निघून आले. परत आले नाही.

वहिनी, तो माझे हात बघत होता. आता आठवतं. चेहरा वळवून कान देत नव्हता, हात बघत होता.

दादाला ऐकू येत नव्हतं ना?

२४ मे

प्रिय वन्सं,

नव्हतं.

मी त्यांना वचन दिलं होतं, कोणाला सांगणार नाही. सांगितलं नाहीच. तुम्ही ओळखलंत, मी फक्त हो म्हणतेय. एवढं चालेल त्यांना.

बारा-तेरा वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी वरचे सूर गेले, मग बाकीचे. घड्याळांचं त्यांना काही वाटलं नाही, घड्याळ ते नखावर धरायचे, टिकटिक बोटात कळायची. पण मंडळाचं त्यांच्या मनाला लागलं. म्हणाले, "घड्याळजी बहिरा आणि म्हणे संगीत मंडळ चालवतो, लोक हसतील. हसले तर हसू देत, पण कीव करायला लागले तर मला बघवणार नाही." मग आम्ही दोघांनी मिळून सुरू केलं. दार लावून घ्यायचो. मी तारेची खुंटी फिरवायची, ते सवतीच्या लाकडावर हनुवटी टेकून बसायचे. दोन तारा जुळल्या नसल्या की आवाजात एक थरथर येते, तुम्हाला माहीतच आहे. ती त्यांना हाडात कळायची. मला कानात. थरथर थांबली की ते बोट वर करायचे. माझं आणि त्यांचं एकमत होईपर्यंत पुढच्या तारेला जायचं नाही. संसारात एवढं एकमत कशावर झालं नाही आमचं.

नंतर हाडातलंही कमी झालं. मग नुसते बसायचे सोबतीला. पिसं तासून द्यायचे.

मैफलीत पहिल्या रांगेत बसायचे, बुटाचं टोक सवतीच्या पायाला लावून. मी समोरच्या भिंतीशी. तुकडा संपला की मी रुमाल बाहीत खोचायचे, मग ते टाळी वाजवायचे. सगळ्यांच्या आधी वाजवायचे हो, फार दर्दी दिसायचे! तुम्ही वाजवलंत त्या दिवशी मी आत चहाला गेले होते. मी बाहेर असते तर असं झालं नसतं. मला माहीतच नव्हतं, वन्सं. तुम्ही गेल्यावर हे दोन दिवस मला विचारत होते, "तिनं चांगलं वाजवलं का गं?" मी म्हटलं, आतून ऐकलं, फार सुंदर वाजवलं. ते म्हणाले, "हातांवरून वाटलंच."

काट्याचं त्यांना सांगितलं होतं मी, वर्षभरानं. इतके हसले की दोन दिवस बरगडी धरून होते. चेष्टा मी केली नाही, आम्ही दोघांनी केली, सगळ्या जगाची.

"तिला त्यातलं कळतं" असं त्यांनी तुमच्याबद्दल का लिहिलं, ते वाचून मला आधी जरा लागलं होतं. मला काय कमी कळत होतं? मग लक्षात आलं, माझ्याबद्दल तसं लिहिलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, हिला कसं कळतं? त्यांनी तिथेही लपवलंच. तर ठरवा तुम्ही. गाडी आली तर मी दार उघडून देईन.

तुमची वहिनी

ता. क. जूनच्या मैफलीचा वाजवणारा सायकलवरून पडला, मनगट प्लास्टरमध्ये आहे. मी पाडलेलं नाही, पोस्टातल्या बाई साक्षीला आहेत. सवतीवर वाजवणारं दुसरं कोणी माझ्या ओळखीचं आहे का, विचार करतेय.

३० मे

वहिनी,

ओळखीचं आहे. बारा तारखेच्या गाडीनं येते. मागची खोली झाडून ठेव आणि चहा मी करीन.

कॉलेजच्या गाडीला नुसतं थांब म्हटलंय, नको म्हटलेलं नाही. मैफल होऊ दे, वाद्य माझ्या हातांनी बघू दे, मग ठरवीन. भावनेच्या भरात ठरवणार नाही. दादानं मला ते काम दिलंय.

प्राध्यापकांना झाकणाचं सांगितलं. ते वही काढून म्हणाले, "पितळात किती भाग तांबं आहे ते कळेल का?" त्यांचं भाषण झालंच. फार टाळ्या पडल्या.

नणंद

२१ जून

वहिनी,

पोचले. तू बांधून दिलेल्या डब्यात काय होतं ते मला अजून नीट सांगता येणार नाही, पण पोट भरलं.

समोरासमोर बोलायला गेले असते तर तू थट्टेवारी नेलं असतंस, म्हणून गाडीत बसेपर्यंत काही बोलले नाही. आता कागदावर ऐक.

मध्यंतरापर्यंत तू भिंतीशी होतीस, तेव्हा काय झालं ते तुला माहीत आहे. बाहेर गॅसच्या नळासाठी रस्ता फोडत होते म्हणून डॉक्टरांनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. ऐंशी माणसं, एक पंखा. खालच्या तारा चढल्या, वरच्या उतरल्या, शेवटच्या तुकड्यात मी दात दाबून वाजवत होते. मध्यंतरात तू कप विसळायला खाली गेलीस. पुढचं तुला माहीत नाही.

डॉक्टर घामाघूम होऊन आले. टोप तिरका. म्हणाले, "नेहमीचा माणूस आज मिळणार नाही. ताई, तुम्ही एवढ्या मोठ्या, तुम्हीच जुळवून घ्या ना. नाहीतर इथेच संपवावं लागेल." माझ्या पर्समध्ये माझा स्वतःचा काटा होता. खरं सांगते, मी तो बाहेर काढला. जुळवला असता तर बरोबर सुरात जुळवला असता, सगळ्या जगाच्या. मला येतं ते. आणि त्या क्षणी मला कळलं की मग गाडी बोलवायला काहीच हरकत उरली नसती. ह्या गावात ते जुळवणारं कोणी नाही, हे ऐंशी माणसांसमोर सिद्ध झालं असतं.

मी काटा पर्समध्ये टाकला. डॉक्टरांना म्हटलं, "मला ह्या वाद्याचा हात नाही. दादानं तो एकाच माणसाला शिकवलाय. खाली कप विसळतेय."

"दादानं शिकवलं" असं मी म्हटलं, वहिनी. त्याचं गुपित त्याचंच राहिलं.

तू आलीस, हात पदराला पुसत, माझ्याकडे असं बघितलंस की मी अजून घाबरते. पण वळून बसलीस तिच्याजवळ. झाकण घरी होतं, तरी तू कशालाच हात न लावता पहिला सूर लावलास. पाठमोरी होतीस म्हणून तुला लोक दिसले नाहीत. मला दिसले. आधी खुसपुस झाली. मग पोस्टातल्या बाईंनी चष्मा काढला. बेकरीवाला खुर्चीच्या कडेला आला. दोन तारांची थरथर हळूहळू निवत जायची आणि थांबायची, तेव्हा अख्खी खोली श्वास सोडायची. मग पुढची तार. बारा मिनिटं. बाहेरचं खोदकाम चालूच होतं, कोणाला ऐकू येत नव्हतं. प्रत्येक तार लागली की तू मान थोडी उजवीकडे वळवायचीस, क्षणभर थांबायचीस, आणि मगच पुढे जायचीस. तिथे कोण बसायचं ते त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं.

मी तीस वर्षं मुलांना शिकवलं. असं ऐकायला मी कोणाला शिकवू शकले नाही.

कॉलेजला पत्र टाकलं. वाद्य जागचं हलणार नाही. मला त्यातलं कळतं, म्हणून ठरवलं.

तुझी नणंद

२७ जून

प्रिय वन्सं,

डब्यात भोपळा होता. गोड की तिखट हे माझंही ठरलं नव्हतं.

तुमचं पत्र वाचलं, चष्मा लावून वाचलं. उत्तरात थट्टा करायची नाही असं ठरवून बसले तर दोन दिवस एक अक्षर सुचेना. तेव्हा तुम्हाला जे म्हणायचं ते म्हटलं असं समजा, आणि मला नेहमीसारखं लिहू द्या.

गावात माझा भाव वाढलाय. पोस्टातल्या बाई रागावल्यात. त्यांनी वर्षभर मनात एक देखणा, अबोल माणूस उभा केला होता, तासाभरासाठी येणारा. तो मीच निघाले. म्हणाल्या, "निदान मिशी तरी असायला हवी होती." बेकरीवाल्याची मुलगी शिकायला येते म्हणतेय, तारा जुळवायला. तिला म्हटलं, आधी दोन महिने नुसती शेजारी बस. ती म्हणाली, बसून काय करू? म्हटलं, तेच शिकायचंय.

तुम्ही गेलात त्याच दिवशी सवतीला परत दुकानामागे नेलं. ह्या वेळी सहांच्या ऐवजी अकरा जण आले उचलायला, पाच जणांचा नुसता अडथळा. मी पुढे दारं उघडत होते. वाटेत तिला म्हटलं, बाई, आता दोघींनाच राहायचंय, जरा नीट वाग.

काल डॉक्टर आले होते. पुढच्या मैफलीचा छापील कागद घेऊन, शाई ओली. दर वेळी त्यावर शेवटी एक ओळ असते, वाद्य जुळवणारा म्हणून ह्यांची. हे गेल्यावरही वर्षभर कोणी काढली नव्हती, मीही काढू दिली नव्हती. डॉक्टर टोप सावरत म्हणाले, "आता तुमचं टाकायचं ना? त्यांचं काढून?" मी म्हटलं, काढायचं नाही. म्हणाले, "मग त्यांच्या खाली तुमचं टाकू?"

वन्सं, मी जरा वेळ विचार केला. चहा गार झाला डॉक्टरांचा, त्यांचं नशीब. मग त्यांच्या हातातलं पेन घेतलं, आणि त्यांना दाखवलं कुठे ते.

खाली नाही. शेजारी.

तुमची वहिनी